बॉबीनच्या कोटाचं अस्तर

सकाळी बादलीत दोन मीटर अस्तर भिजत घातलंय. ते भिजेपर्यंत काय करायचं म्हणून लिहायला बसलेय. खरं तर अस्तराला अर्धा तास पाणी पुरतं. पण माझी आत्या म्हणते, नवं कापड ताठ्यात असतं, त्याला दुपारपर्यंत पाण्यात बसवायचं, मग ते माणसात येतं. आत्यानं तीस वर्षं शिवाजी पेठेतल्या बायकांचे ब्लाऊज शिवले. कापडाच्या बाबतीत तिचं ऐकायचं असतं. एकदा ऐकलं नाही आणि काय झालं, ते पुढं सांगतेच.

बाहेर झड लागलीय. ज्यांनी झड बघितली नाही त्यांना कशी सांगू? जोरात पडत नाही, थांबत पण नाही. आठ-आठ दिवस आभाळ नुसतं गळत राहतं. टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओला. मीठ बरणीला चिकटून बसतं. खुर्च्यांच्या पाठीवर, दाराच्या कडीवर, पंख्याखालच्या दोरीवर, जिकडं बघावं तिकडं आपलेच कपडे आपल्याकडे बघत लटकलेले. खाली सायकलच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहिलेली माणसं एकमेकांना एकच विचारतात, "पंचगंगेला पाणी किती आलं?" नक्की कुणालाच माहीत नसतं, पण उत्तर सगळे देतात.

असल्या झडीत कुत्र्याच्या रेनकोटला आतून कुठलं कापड लावावं, या विषयावर मी आता कुणाशीही दोन तास बोलू शकते. अडचण एवढीच की बोलायला कुणी नाही. म्हणून लिहिते.

बॉबीन म्हणजे आत्याचा कुत्रा. गावठी, तपकिरी, छातीवर पांढरा पट्टा, टेलरच्या खडूनं खूण करून ठेवल्यासारखा. एवढासा असताना पावसातून जिना चढून वर आला, सरळ शिलाई मशीनखाली शिरला आणि खाली पडलेली बॉबीन तोंडात धरून झोपला. दोरा सगळ्या खोलीभर. आत्या म्हणाली, "घ्या. नाव पण स्वतःच घेऊन आलाय." तेव्हापासून मशीनच्या पायडलमागं गोणपाटावर त्याची जागा. मशीन सुरू झालं की झोपायचा. थांबलं की एक डोळा उघडून वर बघायचा, का थांबली म्हणून.

मी मूळची जयसिंगपूरची. कॉलेजसाठी कोल्हापूरला आले, आत्याकडे राहिले. कॉलेज संपलं, नोकरी लागली, तरी राहिले. वर दोन खोल्या, खाली सायकलचं दुकान, हवा भरायच्या पंपाचा आवाज सकाळी नऊपासून. मागच्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास पुण्यात आत्याच्या मुलाला, नितीनदादाला, बाळ झालं आणि आत्या निघाली. जिन्यात पिशवी खांद्याला अडकवत म्हणाली, "तीन महिन्यांत येतो बघ मी." हो, येतोच. आमच्याकडे बायका-पोरी बोलताना येतो-जातो म्हणतात. मी लिहिताना 'गेले' लिहिते आणि बोलताना 'गेलो' म्हणते. पुण्या-मुंबईच्या लोकांना हसू येतं. येऊ दे.

तीन महिन्यांचं मग लांबत गेलं. आधी बाळ. मग आत्याचे गुडघे. मग वहिनीची सुट्टी संपली, बाळाला कोण बघणार. आत्या तिकडंच राहिली आणि बॉबीन माझ्याकडं. दादाच्या सोसायटीत कुत्री चालतात, पण वहिनीचं म्हणणं होतं, घरात तान्हं बाळ, ओला कुत्रा नको. यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. झडीतल्या ओल्या कुत्र्याचा वास ज्याला माहीत आहे त्यानं तरी म्हणू नये.

माझं काम घरूनच असतं. तुम्ही एखाद्या खरेदीच्या ॲपवर तक्रार टाकता ना, बूट एकाच पायाचा आला, मिक्सर फुटका आला, आणि लगेच उत्तर येतं, 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व'? ते उत्तर मी. एका वेळी चार माणसांशी. बोटं अशी पळतात की वाक्य संपायच्या आधी पुढचं सुरू झालेलं असतं. दिवसभर गजबज. पण सगळी बोटांत. एकदा संध्याकाळी खाली दूध आणायला गेले, "अर्धा लिटर" म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच आला नाही, आधी खाकरावं लागलं. दुकानदार म्हणाला, "घसा बसला व्हय? झडीत बसतोयच." मी मान हलवली. घसा ठणठणीत होता. दिवसभरात वापरलाच नव्हता.

म्हणजे अगदीच नव्हता असं नाही. सकाळी "उठ रे राजा" म्हटलं होतं. जेवताना "बघ, तुला भात, मला पण भात" म्हटलं होतं. माझ्या तोंडातून दिवसभरात जे काही शब्द बाहेर यायचे ते सगळे बॉबीनला उद्देशून. आत्या गेल्यापासून हे असंच होतं आणि मला ते बरं चाललंय असं वाटत होतं.

मग झड लागली आणि बॉबीननं बाहेर जायचं सोडलं.

आत्या असताना ती पदर खोचून, छत्री तिरकी धरून त्याच्या बरोबरीनं चालायची आणि हा तिच्या साडीच्या आडोशानं कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचा. माझ्याबरोबर तो जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत यायचा. नाक बाहेर काढायचा. नाकावर एक थेंब पडला की वळून वर. घरात करायची त्याला सवय नाही, नऊ वर्षांचा शिस्तीचा कुत्रा. मग धरून ठेवायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पोट हाताला टणक लागायला लागलं तेव्हा मी घाबरले आणि त्याला रिक्षात घालून डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर म्हणाले, "असं धरून ठेवलं तर किडनी जाईल याची. दिवसातून चार वेळा बाहेर न्यायचंच. आणि भिजवायचं नाही, कातडीला बुरशी धरलीय बघा इथं."

मी म्हटलं, "कोल्हापुरात? आषाढात? भिजवायचं नाही?"

"कोट घाला की," ते म्हणाले, जसं काही मी माझ्या भाच्याविषयी बोलत होते.

हे मी दादाला फोनवर सांगितलं, आत्याला सांगू नको या अटीवर. तो म्हणाला, "हे बघ, तुझं काम, त्याचं आजारपण, कशाला अंगावर घेतीस? कागलला माझ्या मित्राचं शेत हाय. गोठा हाय, कोरडी जागा हाय. तिथं मोकळा राहील. गणपतीपर्यंत बघूया. न्हाय जमलं तर तो गाडी घेऊन येईल, घेऊन जाईल."

मी "बरं" म्हटलं. कागल काही लांब नाही, एसटीनं पाऊण तास पण लागत नाही. पण फोन ठेवला आणि मशीनखाली बघितलं. त्याचा एक डोळा उघडा. मशीन तर कधीपासून बंदच होतं, तो अजून कशाची वाट बघत होता काय माहीत. मला एकदम वाटलं, हा गेला तर उद्या सकाळी मी "उठ रे राजा" कुणाला म्हणणार? गणपतीला दीड महिना होता.

आधी तयार कोट मागवला. प्लॅस्टिकचा, पिवळा, टोपीला कान काढलेले. घातल्यावर बॉबीन जागच्या जागी पुतळा झाला. डोळेसुद्धा हलवेना. कोटाची बाही जरा घासली की चर्र वाजायचं आणि तो स्वतःच्याच अंगाला घाबरायचा. मग ठरवलं, शिवायचा. आत्याचं मशीन आहे, मला सरळ टीप मारता येते, आणखी काय लागतं? (खूप काही लागतं.) बाहेरचं कापड पटकन ठरलं. छत्री दुरुस्त करणाऱ्याकडं जुन्या छत्र्यांचं काळं कापड मिळालं. मऊ, पाणी न धरणारं, आवाज न करणारं. आपण उगाच नवीन शोधत बसतो, पावसात आयुष्य काढलेलं कापड कोपऱ्यात पडलेलं असतं.

आता अस्तर. गल्लीच्या तोंडाशी अस्तर-फॉल-पिकोचं दुकान आहे, तिथल्या काकांना म्हटलं, अस्तर दाखवा.

"ब्लाऊजला का ड्रेसला?"

"कुत्र्याला."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅचिंग कशाशी करायचं?"

"तपकिरी आहे तो."

"मग बदामी देतो. मळखाऊ."

मागं एक बाई फॉल निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "द्या ओ चांगलं. आमच्या ह्यांना दहा वर्षं झाली सांगतोय एक रेनकोट घ्या म्हणून. पिशवी डोक्यावर घालून हिंडतंय माणूस."

बदामी सॅटीन घेतलं. दिसायला राजेशाही. पण सॅटीन घसरतं. बॉबीननं दोन पावलं टाकली आणि कोट फिरून पोटाखाली गेला, पाठ उघडी, पोटाला छत्री. मग फ्लीस. ते लोकरीसारखं जाड, गालाला लावलं तर सोडवेना असं. मला वाटलं झालं काम. फोटो काढून चार मैत्रिणींना पाठवला सुद्धा. पण फ्लीस एकदा दमट झालं की झडीत वाळतच नाही. दुसऱ्या दिवशी कोट ओल्या गादीसारखा जड झाला आणि त्याला असा वास सुटला की बॉबीन माझ्या हातात कोट बघून पलंगाखाली जायला लागला.

तेव्हा मला आत्याची एक सवय आठवली. नवं अस्तर आलं की ती त्याचा एक तुकडा कापून स्वतःच्या ब्लाऊजच्या बाहीत, काखेपाशी खोचायची आणि कामाला लागायची. गिऱ्हाईक बाई विचारायची, "कसलं आहे हो कापड?" तर आत्या म्हणायची, "थांबा, दुपारी सांगतो." अस्तर हातानं बघायचं नसतं, काखेत बघायचं असतं, असं तिचं म्हणणं. हाताला सगळंच मऊ लागतं. आणि कुत्र्याचा कोट घासतो कुठं? पुढच्या पायांच्या काखेतच. तिथं केस नसतात, कातडी आपल्यासारखीच उघडी.

मग मी पण सुरू केलं. रोज एका कापडाची पट्टी काखेतून घेऊन खांद्यावर गाठ मारायची आणि कामाला बसायचं. टेरीकॉट अकरा वाजेपर्यंत खाजायला लागलं. नायलॉननं घाम धरला. एका माणसाचा कुकर शिट्टीशिवाय आला होता, त्याला मी 'आपला त्रास मी समजू शकते' असं लिहिलं आणि त्या दिवशी ते वाक्य पहिल्यांदा खरं होतं.

मग मला ते सुचलं जे कुणालाही सुचलं असतं. आत्याचा जुना सुती परकर. शेकडो वेळा धुतलेला, लोण्यासारखा झालेला, मशीनच्या तेलाचा आणि हिंगाचा वास असलेला. बॉबीन तिला शोधतोय, तिचंच कापड अंगाला लागलं तर जाईल बाहेर. माझ्याच हुशारीनं माझे डोळे भरून आले. दिवसभर बसून शिवला. त्याच्यापुढं धरला. त्यानं वास घेतला, शेपटी हलली, आणि मग त्यानं कोट दातात धरला, ओढत मशीनखाली नेला, गोल फिरून त्यावर बसला. काढून घ्यायला गेले तर गुरगुरला. माझ्यावर, पहिल्यांदा. दोन दिवस कोट तिथंच आणि तो त्याच्यावर. बाहेर जायचं नाव नाही.

मी पण त्याच्याशेजारी फरशीवर बसून राहिले. मला सुद्धा जमलं असतं तर तेच केलं असतं.

जाळीचं कापड मला सापडलं ते सलीमचाचांकडं. ते पेठेतल्या फुटबॉलवाल्या पोरांच्या जर्सी शिवतात. मी दोऱ्याचं रीळ मागायला गेले होते तर ते एक जर्सी नळाखाली धरून रंग जातोय का बघत होते. पाणी कापडातून सरळ खाली. चाचांनी ती एकदा झटकली आणि हँगरला लावली. मी हात लावला. जवळजवळ कोरडी.

मी विचारलं, "चाचा, हे कुत्र्याला चालेल?"

"पोरं उन्हात, घामात नव्वद मिनिटं पळत्यात हे घालून. तुझं कुत्रं काय नव्वद मिनिटं पळणार हाय व्हय?"

"कोपऱ्यापर्यंत गेला तरी मिळवलं."

त्यांनी खालच्या कप्प्यातून उरलेली गुंडाळी काढली. नारंगी. मग माझ्याकडं बघून थांबले. "पण बघ, हा आपल्या तालमीच्या टीमचा रंग न्हवं. पलीकडच्यांचा हाय. पेठेतनं फिरवशील, कुणी बघितलं तर?"

"आतून लावणार आहे. कुणाला दिसणार?"

"वाऱ्यानं उलटलं की दिसतंय की," चाचा म्हणाले आणि गुंडाळी दिली.

ती पट्टी मी दिवसभर काखेत ठेवली आणि संध्याकाळी काढायला विसरले. म्हणजे हीच.

नुसत्या जाळीची कड मात्र टोचते, म्हणून गळ्याला आणि पोटाच्या पट्ट्याला आतून सुती पॉपलीनचं अस्तर लावायचं ठरवलं. काकांकडून आणलं, तसंच मशीनवर घेतलं. मला इतकी घाई झाली होती. माप अगदी अंगासरसं घेतलं, शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राहिलं ते कात्रीनं साफ करून टाकलं, टोचायला नको म्हणून. कोट असा बसला की जणू बॉबीन तो घालूनच जन्माला आला होता.

आणि तो बाहेर गेला. शेवटच्या पायरीवर थांबला, नाकावर थेंब घेतला, मागं वळून माझ्याकडं बघितलं, आणि उतरला. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी जाऊन पाय वर केला तो किती वेळ खाली घेईना. मी छत्रीखाली उभी राहून एकटीच हसत होते. वारा आला, कोटाची कड उलटली, आणि पत्र्याखालनं कुणीतरी ओरडलं, "काय ओ, कुत्रं फुटलं व्हय पलीकडं?"

तीन दिवस मी हवेत होते. चौथ्या दिवशी बॉबीन काख चाटताना दिसला. पाय उचलून बघितलं तर आत लाल, सोललेलं. पट्ट्याचं पॉपलीन पावसात भिजून, वाळून, भिजून आटलं होतं, आणि आटता आटता त्यानं त्याला करकचून धरलं होतं. सैल करायला शिवण उसवली तर आत कापडच नाही. सगळं मी कापून टाकलेलं. गणपतीला आठ दिवस राहिले होते.

तोवर आत्यानं विचारलं की मी म्हणायचे, मजेत आहे. त्या दुपारी मी तिला व्हिडिओ कॉल लावला, कॅमेरा सरळ त्याच्या काखेवर धरला आणि रडायला लागले. आत्यानं बघितलं. रागावली नाही. तिनं दोनच प्रश्न विचारले.

"अस्तर भिजवलंतंस?"

मी कॅमेरा माझ्याकडं वळवून नाही म्हणून मान हलवली.

"आणि माया किती सोडलीस?"

"काय?"

"शिवणीत. आतल्या बाजूला. माया."

"कापली. टोचत होती."

मागं बाळ रडत होतं. आत्या त्याला मांडीवर हलवत म्हणाली, "अगं पोरी, ब्लाऊज शिवताना बघितलंयस की मला. पेठेतल्या पोरी लग्नाच्या आधी शिवायच्या आणि दोन लेकरं झाल्यावर तोच ब्लाऊज उसवून मोठा करून न्यायच्या. आत माया असली तर जमतंय. जित्या अंगाचं माप एक राहतंय व्हय? थांब, बाळ झोपलं की कसं बेतायचं ते मी दाखवते तुला."

दाखवते. आत्या दाखवते म्हणाली, दाखवतो नाही. तिकडं कुणी हसलं असेल, किंवा हसलंही नसेल, चार माणसांत आपोआप होतं तसं. पण तीन महिन्यांत येतो म्हणून गेलेली बाई दाखवते म्हणायला लागली, तेव्हा मला कळलं की ती आता यायची नाही. बॉबीनला हे सांगायचं कसं ते कळेना. नाही सांगितलं.

दुसरा कोट आम्ही दोघींनी शिवला, मी इकडं मशीनवर, ती तिकडं फोनमध्ये. पॉपलीन दिवसभर बादलीत. मग पंख्याखाली, मग इस्त्री. बेतताना ती सारखी सांगत होती, दोन बोटं सोड, दोन बोटं सोड. मी तीन सोडली. सगळीकडून. जाळी तीच नारंगी. जखम मलम लावून चार दिवसांत वाळली, आणि कोट घालून तो दिवसातून चार वेळा जायला लागला, सकाळी, अकराला, चारला, साडेसातला, घड्याळ लावल्यासारखा. वर आल्यावर मी कोटात हात घालून बघायचे. आत कोरडं आणि ऊबदार. भाकरीच्या फडक्यात असतं तसं.

गणपतीला तीन दिवस असताना मी त्याचा व्हिडिओ केला. बाहेर बदाबदा पाऊस, बॉबीन जिना चढून वर येतो, मी कोट काढते आणि माझी पांढरी ओढणी त्याच्या पाठीवरून, पोटावरून फिरवते, मग ओढणी कॅमेऱ्यापुढं धरते. डाग नाही, थेंब नाही. काय आनंद झाला होता मला. आत्याला पाठवला, दादाला पाठवला, वहिनीला पाठवला, जयसिंगपूरला आईला, कॉलेजच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर. बघा, जमलं, आता कागलला जायला नको.

सगळ्यात आधी उत्तर आलं ते वहिनीचं. ती एरवी माझ्या मेसेजला अंगठा दाखवते. तिनं लिहिलं होतं, 'अगं, हा तर अगदी कोरडा येतो की घरात.'

मी तिला सात हसरे चेहरे पाठवले. वाक्य मी नीट वाचलंच नव्हतं.

रविवारी दादा आला. कागलचा मित्र नाही, तो स्वतः, पुण्याहून गाडी घेऊन. चहा घेता घेता म्हणाला, "आईला करमत न्हाय गं तिकडं. दिवसभर बाळ आणि ती. बॉबीन आला तर तिला बरं वाटेल. आणि ही पण हो म्हणाली, तुझा व्हिडिओ बघून." कपाकडं बघत म्हणाला. तो वाईट माणूस नाही. त्यानं 'तुला चालेल ना' असं विचारलं सुद्धा. आत्याला करमत नाही हे ऐकलं आणि मी "चालेल" म्हटलं.

मी गोणपाट झटकून दिलं. त्याची वाटी दिली. दोन रिकाम्या बॉबीन दिल्या. पाऊस होता म्हणून कोट घातला, आणि पट्टा लावताना काखेत दोन बोटं जातात का बघितलं. जात होती. त्याला उचलून ठेवावं लागेल असं वाटलं होतं, पण दादानं आत्याची साडी पसरली होती मागच्या सीटवर, बॉबीननं वास घेतला आणि आपण होऊन चढला. काचेतून त्यानं माझ्याकडं एका डोळ्यानं बघितलं, मशीन थांबल्यावर बघायचा तसं.

दुसऱ्या दिवशी मी दिवसभर लोकांची माफी मागितली. संध्याकाळी दूध आणायला गेले. आधी खाकरले, मग म्हटलं, "अर्धा लिटर." मग म्हटलं, "नको, पाव."

हे सगळं मागच्या पावसातलं. आज सकाळी उठले तर आत्याचा फोटो आलेला. बॉबीन कोट घालून उभा, पोटाचा पट्टा दोन्हीकडून येतोय पण मध्ये चार बोटांचं अंतर. खाली तिचा आवाज, "बसंना गं आता. सुटलाय हा. सून याला पण डबा करते वाटतं." मी अंथरुणातून उडीच मारली. दात पण घासले नाहीत. म्हटलं, नवा शिवायचा. माप फोनवर घ्यायचं नाही, चूक होते. बेतून, कच्चा धावदोरा घालून मीच घेऊन जायचं, तिथं त्याच्या अंगावर घालून बघायचं, दोन-चार दिवस राहायचं, आत्याच्या देखत टीप मारायची. दुकान उघडायच्या आधी शटरसमोर उभी होते. काका म्हणाले, "परत कुत्रं?" मी म्हटलं, "तेच." सलीमचाचांकडं यंदा हिरवी जाळी आहे, तिची पट्टी हे लिहिताना माझ्या काखेत आहे आणि मला सांगायला आनंद होतो की ती जरासुद्धा खाजत नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि आत्याचा फोन आला.

"नको हं शिवत बसू. तो फोटो टाकला आणि म्हटलं बघूया तरी, म्हणून उसवायला बसलो मी." बसलो, म्हणाली. तिला कळलं पण नाही. "इकडनं तीन बोटं, तिकडनं तीन बोटं. अगं केवढी माया ठेवलीयास आत. अजून दोन पावसाळे सहज काढंल."

"जास्तच राहिली वाटतं," मी म्हटलं.

"राहू दे की. आत हाय, कुणाला दिसती?"

"बसला त्याला?"

"बसला तर. आत्ताच खाली फिरून आला, झोपलाय." मागं बारीक घरघर येत होती. मी विचारलं तर म्हणाली, "दादानं मशीन घेऊन दिलं, विजेवरचं. आपल्यासारखा आवाज न्हाय त्याला. पण झोपतंय बिचारं. तुझं काय चाललंय?"

"काही नाही. कामावर होतो," मी म्हटलं. बादलीचं सांगितलं नाही.

फोन ठेवून अस्तर पिळलं. चांगलं भिजलंय, ताठा गेलाय, हाताला आत्याच्या परकरासारखं लागतंय. दोरीवरचे माझे कुर्ते एका बाजूला सरकवले आणि मधोमध ते पसरलं, बरोबर मशीनच्या वर. झडीत सुती कापड वाळायला दोन दिवस लागतात. दोन दिवस तरी या घरात माझं नसलेलं काहीतरी वाळत असेल.